चहा माझा, शब्द तुमचा

बाबा, तुमचा फोन आई अजून रोज चार्ज करते. सकाळी उठली की आधी वायर काढते, पदरानं काच पुसते आणि तुम्ही ठेवायचे तिथंच, खिडकीत, ठेवून देते. मी म्हटलं, आता कशाला? तर म्हणाली, "बंद कायले ठेवू? लोकं फोन करून राहिले ना अजून." खरंच करतात. सगळ्यांपर्यंत बातमी पोचलेली नाही. कोणी धान आणू का विचारतो, कोणी कोंडा आहे का विचारतो. आई सांगते, ते गेले. पलीकडचा माणूस हळहळतो, आणि मग हटकून विचारतो, "मंग आता इचारायचं कोणाले?"

आई माझं नाव सांगते. कधी धाकट्या प्रशांतचं सांगते. ज्या दिवशी जे तोंडात येईल ते.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात लोक तुमच्याबद्दल पुष्कळ बोलले. अर्धं सिहोरा आलं होतं. हमालाच्या पोरानं राईस मिल उभी केली, असं प्रत्येकानं सांगितलं, आणि ते खोटं नाही. आजोबांनी दुसऱ्याच्या मिलमध्ये जन्मभर पोती वाहिली. उचल म्हटलं की उचलायचं, ठेव म्हटलं की ठेवायचं. एक जण तर "खंबीर नेतृत्व" म्हणाले. मी पांढरी साडी नेसून पुढच्या रांगेत बसले होते आणि मला तुमचा राग येत होता. सांगायला लाज वाटत नाही, कारण तुमच्या तोंडावरही मी रागावतच होते. रडू नंतर आलं, घरी, तुमचा दुपट्टा दोरीवर वाळत घातलेला दिसला तेव्हा.

राग याचा की एवढं सगळं उभं केलंत आणि ते चालवायचं कुणी, हे न सांगता निघून गेलात. तुम्ही गेल्यावर आठवडाही उलटला नाही तोच तुमसरचे एक मिलवाले घरी येऊन बसले. भला माणूस. म्हणाले, मिल किरायानं द्या, तुम्हा दोघा भावंडांना डोक्याला ताप नाही. प्रशांतनं माझ्याकडे पाहिलं. ते गेल्यावर म्हणाला, "ताई, बाबा म्हणत ना, मिलले तोंड एकच पाहिजे. आपल्याले तोंडच नाही. देऊन टाकू का? तू म्हणशील तसं." तू म्हणशील तसं! चांगला पस्तिशीचा घोडा झालाय, बायको आहे, मूल शाळेत जातं. मला त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. पण हे वाक्य त्यानं कुठून आणलं हेही मला ठाऊक होतं. आम्ही दोघंही तुमच्यासमोर तेच म्हणत मोठे झालो.

आपल्या मिलचं सगळं नशीब त्या मागच्या सिमेंटच्या पटांगणात आहे, हे तुम्ही मला फार लवकर शिकवलंत. धान हौदात भिजतं, वाफेवर निघतं, मग पटांगणात पसरतं. बाया त्यातून पाय ओढत फिरतात, धान उलटत राहतं. उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचं सगळं सोनं किंवा माती त्या पसरलेल्या धानात. पाऊस आला तर गेलं. पण पावसाच्या भीतीनं आधीच ढीग करून ताडपत्री टाकली, तरीही जातं. अर्धवट वाळलेलं धान आतल्या आत तापतं, तांदळाला वास लागतो. म्हणून ढग दिसला की पसरलेलं ठेवायचं की गोळा करायचं, एवढं एक ठरवायचं असतं, आणि ते तुम्ही ठरवायचे. पटांगणाच्या कोपऱ्यावर उभे राहायचे, दुपट्टा डोक्यावरून खाली घ्यायचे, वर पाहायचे आणि ओरडायचे, "समेटा!" की सगळ्या बाया लाकडी फळ्या घेऊन धान गोळा करायला धावायच्या. तुमचा आवाज नदीपर्यंत जात असेल.

तो शब्द तुमच्याशिवाय कुणी काढायचा नाही. मी नाही, प्रशांत नाही, पटांगणावर जन्म काढलेल्या शांताबाईनंही नाही. एकदा तिनं ढग पाहून नुसती फळी हातात घेतली तर तुम्ही म्हणालात, "शांताबाई, मिल तुह्या नावावर केली काय म्या?" ती बिचारी फळी ठेवून हसली. तुम्ही हसला नाहीत.

माझी मात्र तुम्ही फार मनापासून तयारी करून घेतलीत, हे मी कुठंही सांगेन. बँकेतली नोकरी सोडून नागपूरहून मला परत बोलावलंत तेव्हा नातेवाईक म्हणाले, पोरीला कशाला मिलमध्ये घालता. तुम्ही त्यांना पाणी पाजलंत आणि दारापर्यंत पोचवून आलात. दुसऱ्या दिवसापासून मी पटांगणावर. दाणा दाताखाली धरून तो कट् वाजतो की दबतो ते ऐकायला लावलंत. वारा कुठून फिरला की ढग बरसतो ते दाखवलंत. आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यावर माझ्या शेजारी उभं राहून विचारायचे, "वैशू, तुले काय वाटते?" मी वर पाहायचे, तोंड उघडायचे, आणि माझ्या तोंडातून हवा निघायच्या आत तुमचं "समेटा!" गेलेलं असायचं. इतकी वर्षं विचारलंत बाबा, पण एकदाही उत्तर ऐकून घेतलं नाहीत. माझं उत्तर बहुतेक वेळा तुमचंच असायचं, पण ते तुम्हाला कधी कळलंच नाही.

नागपूरचं ते शिबिर आठवतं? घरच्या धंद्यात पुढच्या पिढीला कसं तयार करायचं, असं काहीतरी होतं. मीच तुम्हाला ओढून नेलं होतं. तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसलात आणि दिवसभर हूं की चूं केलं नाहीत. शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी सगळ्या बापांना विचारलं, येत्या महिन्यात कोणता एक निर्णय मुलांच्या हाती द्याल? कापड दुकानवाले म्हणाले खरेदी. एकांनी तर अख्खं दुकानच देऊन टाकलं, नुसतं बोलायला काय जातं! तुमची पाळी आली. तुम्ही बराच वेळ विचार केलात आणि म्हणालात, "चहा."

सगळा हॉल हसला. मीही हसले, आणि माझे कान गरम झाले. एसटीत मी तुमच्याशी बोलले नाही. तुम्हीच भंडाऱ्याच्या आसपास म्हणालात, "बाई चांगली शिकवते. पण तिले पटांगण नाही ना." मग तुमसरपर्यंत झोपलात.

पण दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या बायांना गोळा करून सांगितलंत की आजपासून चहा कधी व्हायचा ते वैशू सांगेल. आणि ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती, ते मला पटांगणावर उभं राहिल्यावर कळलं. चहाला सगळ्या एकदम गेल्या की उलटणं थांबतं, आणि कडक उन्हात धान एका अंगानं तडकतं. वेळ पाहूनच सोडावं लागतं. तुम्ही त्यात कधी म्हणजे कधी तोंड घातलं नाहीत. तुमची तलफ मला माहीत आहे ना! अकराच्या सुमारास तुम्ही चुळबुळायला लागायचे, खोकायचे, बॉयलरकडे एक चक्कर मारायचे, आणि शेवटी माझ्याजवळ येऊन पाहुण्यासारखं विचारायचे, "वैशू, चहा सांगतेस काय?" मी कधी मुद्दाम म्हणायचे, थांबा जरा. तुम्ही थांबायचे. मालक तहानलेला उभा आहे आणि पोरगी हो म्हणत नाही, ही मजा बाया पोटभर पाहायच्या.

मग मागच्या उन्हाळ्यातला तो अवकाळी पाऊस आला. तुम्हाला छातीत दुखलं म्हणून भंडाऱ्याला नेलेलं होतं, आई सोबत, आणि तपासणीला आत घेताना तुमचा फोन बंद. इकडे पटांगण भरलेलं. नदीच्या अंगानं ढग उठला. मी वर पाहिलं, प्रशांतनं पाहिलं, शांताबाईनं पाहिलं. मला समजत होतं, बाबा. प्रशांतला समजत होतं. आणि आम्ही दोघं दोन फोन कानाला लावून तुमचा नंबर फिरवत उभे राहिलो. बाया आमच्या तोंडाकडे पाहत उभ्या. पहिले थेंब पडले तेव्हा प्रशांत म्हणत होता, "रिंग जाऊन नाही राहिली." सगळं भिजलं. फळ्या भिंतीला टेकलेल्या होत्या तशाच भिजल्या.

तुम्ही घरी आलात, पटांगणावर गेलात, आंबलेल्या धानात हात घातलात.  जेवताना पानावरून वर न पाहता म्हणालात, "मी मेल्यावर बी मलेच फोन लावसान काय?"

आणि मी उसळले. मी जे म्हटलं ते मी मागे घेणार नाही, आजही नाही. मी म्हटलं, "आजोबानं दुसऱ्याच्या मिलमधी जन्मभर हुकूम ऐकला. आम्ही तुमच्या मिलमधी ऐकून राहिलो. फरक काय झाला मंग?" प्रशांत पाण्याचा पेला धरून तसाच राहिला. आई म्हणाली, "वैशू!" तुम्ही उठलात, हात धुतलेत आणि अंगणात जाऊन बसलात. भाजी तशीच पानात.

याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत, असंच मी कालपर्यंत समजत होते. आपला वाद तिथंच तुटला. त्यानंतर आपण धानाबद्दल बोललो, बॉयलरबद्दल, तुमच्या गोळ्यांबद्दल, प्रशांतच्या मुलाच्या शाळेबद्दल. त्या एका वाक्याबद्दल एक अक्षर नाही.

दिवाळीच्या आधीचा तो दिवस मात्र मला राहून राहून आठवायचा, आणि आठवला की चीड यायची. पावसाळा सरला होता, पण ढग यायचे. पटांगणावर धान होतं, तुम्ही कोपऱ्यावर, मी शेजारी. ढग आला. तुम्ही वर पाहिलंत, दुपट्टा खाली घेतलात, आणि ओरडलाच नाहीत. त्या दिवशी "तुले काय वाटते" हेसुद्धा नाही. ढगाकडे चक्क पाठ करून उभे राहिलात, जबडा आवळलेला. मी तुमच्याकडे पाहतेय, तुम्ही भिंतीकडे. वारा फिरला. आणि तुम्ही भिंतीकडेच पाहत म्हणालात, "वैशू, चहा सांगतेस काय?"

मला वाटलं, टोमणा आहे. एवढा ढग डोक्यावर आणि माणूस चहा मागतो, म्हणजे मला माझी लायकी दाखवतो. मीही काही कमी नाही. मी ओरडले, "शांताबाई, चहा घ्या!" बाया गोंधळल्या, पण चहाचा हुकूम माझा, म्हणून निघाल्या. तेव्हा तुम्ही गर्रकन वळलात आणि तुमचं "समेटा!" फुटलं, कधी नव्हे ते चिरकं. अर्धं वाचलं, अर्धं भिजलं. तुम्ही मला रागावला नाहीत. नुसते माझ्याकडे पाहत राहिलात. मीही मान वळवली नाही.

आणि थंडी संपायच्या आत तुम्ही गेलात.

काल, बाबा, ढग आला. तुम्ही गेल्यावरचा पहिलाच. पटांगण भरलेलं होतं. मी कोपऱ्यावर, तुमच्या जागी नाही, एक पाऊल अलीकडे, जिथं मी रोज उभी राहायचे तिथं. प्रशांत हौदापाशी. बाया पाय ओढत फिरत होत्या आणि प्रत्येक वळणावर माझ्याकडे पाहत होत्या. माझा हात आपोआप कमरेला गेला, फोन काढला आणि तुमचा नंबर लावला. खोटं सांगत नाही, पहिली रिंग गेली तेव्हाही मला काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, की या खेपेला रिंग जातेय.

आईनं उचलला. "वैशू? बाबाच्या फोनवर कायले करून राहिलीस?"

मी एवढंच म्हणाले, "आई, ढग आला."

ती म्हणाली, "मंग मले कायले सांगतेस? दिवाळीआधी त्या दिवशी तुहा बाप तोंड दाबून उभा राहिला होता तुह्यासाठी. घरी येऊन मले म्हणे, म्या तिच्या चहाची बी आठवण देली, की इथं तुहा हुकूम चालते, तसाच हाही दे. पण पोरगी बोललीच नाही. रात्रभर झोपला नाही तो." आणि तिनं फोन ठेवला.

बाबा, तुम्हाला दुसरं वाक्य नाही का सापडलं? "वैशू, आज तू सांग," एवढं म्हणायला काय झालं होतं? आजोबांच्या पायाशी बसून तुम्ही हुकूम ऐकायला शिकलात, मग द्यायला शिकलात. सोडून द्यायचे शब्द आपल्या घरात कुणाकडून शिकणार, तेही खरं. होता नव्हता तो एकच शब्द तुम्ही माझ्यापुढे ठेवलात, चहा, आणि मी तो तुमच्या तोंडावर परत फेकला. माझ्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही दिलं होतं. मला ते ओळखता आलं नाही, आणि तुम्हाला ते पुन्हा सांगता आलं नाही. आता यावर आपण दोघं कधी बोलणार?

वारा फिरला होता. मी एक पाऊल पुढे सरकले आणि ओरडले, "समेटा!" आवाज फाटला, पण गेला. बाया धावल्या. प्रशांतनंही फळी घेतली. ढीग झाले, ताडपत्र्या पडल्या. आम्ही सगळे वर तोंड करून उभे राहिलो, आणि तुमचा तो ढग एक थेंब न टाकता वैनगंगेपलीकडे निघून गेला. लख्ख ऊन पडलं. ताडपत्रीखालून वाफा येऊ लागल्या.

 मग शांताबाईच म्हणाली, "जाऊ दे बाई. तुह्या बापाचे बी अंदाज चुकत होते. पण तो कबूल नव्हता करत. संध्याकाळपर्यंत ढीग झाकून ठेवे, म्हणे, अजून येईल, अजून येईल."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. तुमच्या त्या झाकलेल्या ढिगांचा वास मलाही यायचा. पण मोठ्यानं कुणी म्हटलेलं पहिल्यांदाच ऐकलं, आणि मला तुमची कीव आली. केवढं एकटं उभं राहायचे तुम्ही त्या कोपऱ्यावर.

पुन्हा पसरायला हवं होतं. पण बाया दमलेल्या, दिवस थोडाच उरलेला, पश्चिमेला अजून थोडं काळं होतं. तेव्हा माझ्या मनात आलं की किरायाचा प्रश्न इथंच सुटू शकतो. मिलला एक तोंड नको, दोन होऊ देत. मी प्रशांतजवळ गेले आणि विचारलं, "तुले काय वाटते? पसरायचं का?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग वर पाहिलं, नीट, सावकाश, तुमच्यासारखं डोळे बारीक करून. त्याचं तोंड उघडलं.

आणि मी ओरडले, "पसरा!"

कसं झालं मला सांगता येत नाही. धान तापत होतं, ऊन चाललं होतं, बाया थांबल्या होत्या, आणि तो वेळ लावत होता. नुसता एक श्वास थांबायचं होतं. माझ्यानं थांबवलं नाही. प्रशांतचं तोंड मिटलं. तो म्हणाला, "हो, तेच म्हणत होतो," आणि ताडपत्री ओढायला गेला. त्याची पाठ मी पाहत राहिले. इतकी वर्षं तुम्ही अशी माझी पाठ पाहिली असेल.

बाबा, त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून, जबडा आवळून तुम्ही जेवढं थांबलात, तेवढं थांबणं किती जड असतं ते मला काल कळलं. मला ते अर्धंही जमलं नाही.

तुमसरवाल्यांना आज सकाळी मी फोन करून नाही म्हणून सांगितलं. आधी प्रशांतला विचारलं आणि या वेळी उत्तर येईपर्यंत दोन्ही हात तोंडावर ठेवून बसले. तो हसला आणि म्हणाला, "नको देऊ." मग पटांगणावर गेलो. सगळ्या बायांना गोळा करून मी सांगितलं की आजपासून चहा कधी व्हायचा ते प्रशांत सांगेल. शांताबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. हसली की रडली, कळलं नाही.

आता अकरा वाजून गेले आहेत. ऊन कडक आहे, घसा कोरडा पडलाय. मी दोनदा खोकले, बॉयलरकडे एक चक्कर मारून आले. प्रशांत धानात हात घालून उभा आहे आणि अजून काही सांगत नाही.